दोघींना सारखंच

परत पाठवायच्या मोठ्या मशीनचं झाकण धाकटीने उघडलं ते आतली धूळ झटकायला. उघडून बघते तर मेमरीच्या खाचा रिकाम्या. एका खाचेत एक पट्टी उभी होती आणि बाकी सगळ्या मोकळ्या, कुणी कधी हात न लावल्यासारख्या कोऱ्या. ती एकुलती पट्टी तिनेच बसवली होती, आणि विसरून नव्हे, घाईगडबडीत नव्हे, तर चांगला विचार करून. हातातला ब्रश तिने टेबलावर ठेवला आणि आजूबाजूला बघितलं. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. असतं तरी त्या खाचांकडे बघून कुणाच्या काही लक्षात आलं नसतं. पण चोरी पकडली गेल्यासारखे तिचे कान तापले आणि तिने उगाचच झाकण पुन्हा लावून टाकलं.

पन्नाशी उलटलेल्या बाईला धाकटी म्हणायचं म्हणजे जरा गंमतच. इथे तिला सगळे मॅडम म्हणत आणि तिच्या वाटेला फारसे जात नसत. पण स्वतःच्या मनात ती अजून धाकटीच होती, कारण मनात तिला हाक मारणारा आवाज एकच होता, वडिलांचा, आणि वडिलांनी दोघी मुलींना थोरली आणि धाकटी यापलीकडे कधी फारसं काही म्हटलं नाही. धाकटीचं काम कॉम्प्युटर मोजण्याचं. कुणी विकत घेण्याआधी मशीनं इथे येत. ती त्यांना कामं देई, घड्याळ लावी आणि कोण किती पाण्यात आहे ते लिहून देई. या खेपेला शहरातल्या वाचनालयांच्या संस्थेने विचारलं होतं की टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये असतो तो साधा प्रोसेसर आम्हाला पुरेल, की सर्व्हरचा तो मोठा, महागडा घ्यावा. तुलना करायची तर दोघांना सारखंच द्यायचं, हा धाकटीचा नियम. खोली तीच, कामं तीच, आणि मेमरी दोघांनाही सारख्याच मापाची, एकेक पट्टी. आता टेबलावरचा प्रोसेसर मेमरीकडून दोन वाटांनी खातो आणि सर्व्हरचा आठ वाटांनी, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. हे तर तिने नव्या येणाऱ्यांना फळ्यावर काढून शिकवलं होतं. तरीही तिने एकाला अर्धपोटी ठेवलं, दुसऱ्याला जवळजवळ उपाशी ठेवलं, आणि म्हटलं काय, तर दोघांना सारखंच. मग साध्याने एकेक काम चटाचट उरकलं आणि मोठा मागे रेंगाळला. खूप कामं एकदम दिली तेव्हाही मोठ्याची मजल थोडीशीच पुढे गेली. अहवाल वरच्या साहेबांकडे सहीला देताना ती हसून म्हणालीसुद्धा होती, "नाव मोठं, लक्षण खोटं." आणि तेव्हा तिला आतून जे बरं वाटलं होतं, तेच आता नेमकं आठवत होतं. एका यंत्राच्या हरण्याचं इतकं बरं का वाटावं, हे तिने तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

रविवारी ताईचा फोन आला होता. ताई स्वतःहून फोन करणाऱ्यातली नव्हे. तिचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं किंवा कुणाचं तरी ऑपरेशन, म्हणून धाकटीने भीतभीतच उचलला. तर कुणीच गेलं नव्हतं. भाऊ नोकरीसाठी बायकामुलांना घेऊन दूर देशी निघाला होता आणि आईवडिलांच्या मागे तो आणि ताई राहत होते ते घर रिकामं करून द्यायचं होतं. हे धाकटीला ठाऊक होतं. भाऊ तिला मागेच म्हणाला होता, "ताईची काहीतरी सोय बघू," आणि त्यावर तीही "हो, बघू या" म्हणाली होती. सोय बघायची म्हणजे कुणी, कुठे, ते दोघांनीही काढलं नव्हतं. आणि आता ताईच विचारत होती, "थोडे दिवस तुझ्याकडे आले तर चालेल का गं? माझं सामान काही नाही, एक पेटी आहे." धाकटी चटकन उत्तर देण्याबद्दल प्रसिद्ध होती. याही वेळी तिचं उत्तर ताईचं वाक्य संपायच्या आत तयार होतं. "बघते हं." ताई म्हणाली, "बघ. घाई नाही." मग पलीकडून कुणीतरी ताईला हाक मारली आणि फोन बंद झाला. चार दिवस झाले, धाकटीने काहीच बघितलं नव्हतं. भाऊ परवा घराच्या किल्ल्या देणार होता.

टेबलाशी बसून तिने नखातला राखाडी लेप काढायला सुरुवात केली. प्रोसेसरवर लावतात तो हा लेप, एकदा नखात शिरला की आठवडाभर निघत नाही. वडील शाळेत खेळ शिकवायचे. त्यांच्या गळ्यात दाही दिशांना पळणाऱ्या पोरांना धाकात ठेवणारं स्टॉपवॉच असे आणि घरी आल्यावरही ते काढायची त्यांना आठवण होत नसे. संध्याकाळी दोघींना समोर बसवायचे आणि तीच गणितं, त्याच पुस्तकातली, दोघींना घालायचे. घड्याळाची खटकी दाबल्याचा तो टक् आवाज धाकटीला अजून स्वप्नात ऐकू येतो, आणि खरं सांगायचं तर तो तिला आवडतो. ती गणितांवर तुटून पडायची. पेन्सिल खाली ठेवून मान वर करायची तेव्हा ताई अजून अर्ध्यातच असायची. वडील घड्याळ धाकटीला दाखवायचे, ताईला नाही. कधी धाकटीचं एखादं गणित चुकायचं, तर म्हणायचे, वेगात एवढंतेवढं चालायचंच. ताईचं मात्र कधीच चुकत नसे. त्याचं काय करायचं ते वडिलांना सुचत नसावं, म्हणून ते वही मिटून म्हणायचे, "थोरली जरा मंद आहे, पण स्वभावाने चांगली आहे." पाहुण्यांपुढेही हेच. आणि लगेच, कुणी काही म्हणू नये म्हणून, "मी दोघींना सारखंच देतो हो. गणितं सारखी, वेळ सारखा. दुजाभाव नाही." धाकटीला हे इतकं न्याय्य वाटे की तिने पुढे त्यावरच पोट भरलं.

पण ताई गणितं करायची तेव्हा तिच्या एका पायाने पाळणा हलत असायचा. हे धाकटीला आज आठवलं असं म्हणणं खोटं होईल. ते तिला नेहमीच आठवत होतं, जसा भिंतीचा रंग आठवतो तसं, त्याचा गणिताशी काही संबंध असल्यासारखं नाही. पाळण्यात भाऊ असायचा. चुलीवर दूध असायचं आणि ते उतू जाण्याच्या अलीकडच्या क्षणी उठायचं काम ताईचं होतं. आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, ती मधूनच हाक मारायची. हाक कधी पाण्यासाठी असे, कधी कूस बदलायला, कधी नुसतीच. ताई उठायची, जाऊन यायची, बसायची आणि राहिलेल्या आकड्यापासून पुढे सुरू करायची. कुठे राहिलं होतं हे ती कधी विसरत नसे. घड्याळ चालूच असायचं. वडिलांनी ते कधी थांबवलं नाही, कारण धाकटीचंही थांबवलेलं नव्हतं.

"बहीण म्हणजे काय प्रोसेसर आहे?" धाकटी स्वतःशी मोठ्याने म्हणाली आणि दचकली. एकटी राहणारी माणसं मोठ्याने बोलतात, आणि आपण त्यातले नाही असं तिला वाटत होतं. तिने उठून कपाटातल्या मेमरीच्या पट्ट्या काढल्या आणि साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांना माघारी सगळे सरासरीसाहेब म्हणत, कारण कुठलीही गोष्ट सांगितली की ते विचारायचे, बरं, पण सरासरी किती? ती म्हणाली, "सर, वाचनालयांचा अहवाल मागे घ्यायचा आहे. माझी चाचणी चुकली." साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"आकडे चुकले?"

"आकडे बरोबर आहेत."

"मोजलंत तेच लिहिलंत ना?"

"मोजलं तेच लिहिलं."

"मग चुकलं काय मॅडम?"

"मी त्याला उपाशी ठेवून मोजलं," ती म्हणाली. साहेबांनी चष्मा पुन्हा नाकावर आणला. ते म्हणाले, "हे बघा, पुन्हा मोजायचं तर मोजा. पण सरासरीत फार फरक पडायला नको." सही त्यांनी अजून केली नव्हती. अहवाल त्यांनी खणातून काढून तिच्या हातात दिला.

दोन्ही मशीनच्या सगळ्या खाचा भरायला वेळ लागला नाही. प्रत्येक पट्टी बसताना दोन्ही टोकांना खट् असा आवाज होतो, आणि तो झाल्याशिवाय ती नीट बसली असं समजू नये. तिने मोठं मशीन सुरू केलं. टेबलावरचा कॉम्प्युटर बटण दाबताच जागा होतो, त्याच्या मानाने सर्व्हरचं उठणं म्हणजे घरातल्या कर्त्या बाईचं उठणं. आधी सगळं चाचपून बघायचं, कोण कुठे आहे, कुणाला काय हवं, आणि मगच डोळे उघडायचे. पडदा काळाच राहिला. पंखे चढत गेले आणि खोलीत त्यांचा आवाज भरला. पूर्वी याच वेळी ती वैतागून चहाला उठायची. आज बसून राहिली. मग तिने एकेक काम द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच फेरीत मोठा पुन्हा मागे पडला. एकट्या कामात तो संथच होता. उपाशी असताना संथ होता आणि पोटभर दिलं तरी संथच. धाकटीला क्षणभर जुनं बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला किळस आली. मग तिने वाचनालयांमध्ये दिवसभरात जसं होतं तसं केलं. कुणी पुस्तक शोधतंय, कुणी परत करतंय, कुणी नाव नोंदवतंय, सगळ्या शाखांतून एकाच वेळी. साधा प्रोसेसर थोडा वेळ टिकला, मग त्याच्यापुढे रांग लागली आणि तो गळपटला. मोठ्याची चाल बदललीच नाही. ती कामं वाढवत गेली, आणखी वाढवली, आणि तो ज्या संथपणे एक काम करत होता त्याच संथपणे ती सगळी करत राहिला. मधे मेमरीत एक बारीक चूक झाली. ती त्याने स्वतःच दुरुस्त केली, कोपऱ्यात एक ओळ लिहिली आणि पुढे चालू लागला. ती ओळ धाकटीने पुन्हा पुन्हा वाचली.

आईच्या शेवटच्या दुखण्यात ती एकदा माहेरी गेली होती. माहेर म्हणायचं ते सवयीने, कारण लग्न दोघींचंही झालं नाही. ताईचं जमवायला कुणाला सवड झाली नाही आणि धाकटीला कुणी पुरेसं चटपटीत वाटलं नाही. घरात डॉक्टर येऊन बसलेले, भावाची मुलं अभ्यासाला बसलेली, वडील आता सगळं विसरायला लागलेले आणि स्वतःचं स्टॉपवॉच शोधत घरभर फिरत असलेले. धाकटीला तिचं एक जुनं प्रमाणपत्र हवं होतं. ती दारातूनच म्हणाली, "ताई, माझं प्रमाणपत्र कुठे आहे?" ताई म्हणाली, "थांब हं." ती थांबली. ताईने डॉक्टरांना पाणी दिलं, आईची उशी सरळ केली, मुलाचं वाक्य दुरुस्त केलं, वडिलांच्या खिशातलं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. धाकटी थांबून थांबून कंटाळली, आईच्या कपाळाला हात लावून निघाली. गाडीत बसल्यावर ताईचा फोन आला. "तुझं प्रमाणपत्र ना, कपाटात खालच्या कप्प्यात, निळ्या पिशवीत आहे. घेऊन येऊ का स्टेशनवर?" धाकटी म्हणाली, "राहू दे आता. गाडी सुटली." ताईची उत्तरं अशीच, उशिरा यायची. पण यायची, हे त्या वेळी मोजण्यात आलं नव्हतं. मोजलं गेलं होतं ते एवढंच, की आपण विचारलं आणि ताईने थांब म्हटलं. आयुष्यभर ताई आपल्याला थांब म्हणत आली, अशी एक तक्रार धाकटीने जपून ठेवली होती, आणि एकटं राहायला तिला तीच पुरली होती.

त्या संध्याकाळी धाकटी आपल्या घरी आली तेव्हा अजून उजेड होता. जिन्यात कुणी भेटलं नाही. कुलूप काढताना तिला रोज वाटे तेच वाटलं, की आत कुणी असतं तर किल्लीचा आवाज ऐकून हललं असतं. खोल्या दोन. पुढच्या खोलीत तिने एक जुना कॉम्प्युटर कायम चालू ठेवला होता, त्याचं काही काम नव्हतं, नुसती घरघर असायची. जेवायच्या टेबलाला खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर प्रोसेसरचे रिकामे खोके रचलेले, आणि दुसरीवरही ती क्वचितच बसे, कारण उभ्याउभ्या जेवलं की लवकर होतं. लवकर होऊन पुढे काय करायचं असतं, ते मात्र ठरलेलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली की सोमवारपर्यंत तिचा आवाज कुणी ऐकत नसे. खिडकीपाशी उभी राहून तिने पहिल्यांदाच सरळ विचार केला की आपण ताईला 'बघते' असं का म्हटलं. जागा नाही म्हणून नव्हे. ताई आली की ती पेटी खाली ठेवील, पदर खोचील आणि इकडेतिकडे बघेल, कोणाला काय हवंय ते. आणि या घरात कुणाला काहीच नकोय हे तिला दिसेल. गणितात नेहमी पहिल्या आलेल्या मुलीचं घर असं आहे, हे ताईला दिसेल. ताई काही बोलायची नाही, तेच तर. धाकटीला इतकं एकटं वाटलं की तिने जाऊन त्या जुन्या कॉम्प्युटरच्या झाकणावर हात ठेवला. ते कोमट होतं.

मग तिने खुर्चीवरचे खोके उतरवले. एकाखालून एक निघत राहिले, किती वर्षांचे होते कोण जाणे. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता, तिने कागदाची घडी करून खाली घातली. ती दुसऱ्या खुर्चीत बसली, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिने एरवी चौथ्या घंटेला ठेवून दिला असता. आज कानाशी धरून बसली. शेवटी ताईने उचलला. मागे खोके ओढल्याचे, चिकटपट्टी फाडल्याचे आवाज, भावाची मुलगी काहीतरी विचारत होती, आणि ताई तिला सांगत होती, "तो कप कागदात गुंडाळ, हां, तसाच," आणि मग फोनमध्ये, "बोल गं."

"ताई, तू ये."

"कुठे?"

"माझ्याकडे. तू विचारलं होतंस ना."

चिकटपट्टीचा आवाज थांबला. "का गं? बरं नाही का तुला?"

"मी बरी आहे."

"पडलीबिडली नाहीस ना? डॉक्टरांनी काही सांगितलंय का? खरं सांग, मी उद्याच निघते."

"नाही गं ताई. मला काही झालेलं नाही."

"मग?"

प्रश्न अगदी साधा होता. एवढ्याशा प्रश्नाला धाकटीला कधी वेळ लागला नव्हता. तिने तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पुष्कळ होतं, पाळणा होता, दूध होतं, घड्याळ होतं, सुटलेली गाडी होती. पण ते सगळं एकदम दाराशी आलं आणि एकालाही बाहेर पडता येईना. ती समोरच्या खुर्चीकडे बघत राहिली. आता ताई हसेल, किंवा तिला कुणीतरी हाक मारील, आणि ती थांब हं म्हणून निघून जाईल, असं तिला वाटलं. तशी हाक आलीही. भाऊच असावा, कुठल्याशा किल्लीबद्दल विचारत होता, मोठ्याने, दोनदा.

"थांब जरा," ताई त्याला म्हणाली. "मी धाकटीशी बोलतेय."

मागचे आवाज हळूहळू कमी झाले. दार लोटल्याचं ऐकू आलं, मग ताई कशावरतरी बसली, बहुतेक त्या पेटीवर.

"आहे मी," ती म्हणाली. "सावकाश सांग."